झिरो आणि कॅल केलं म्हणजे पॉवर सेन्सर तयार झाला असं नाही

पुण्यात भोसरीच्या टेस्टिंग बेंचपासून कॉलेजांच्या मायक्रोवेव्ह लॅबपर्यंत एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: सिग्नलची पॉवर मोजणाऱ्या मीटरवर झिरो (सिग्नल नसताना आकडा शून्यावर आणणं) आणि कॅल (कॅलिब्रेशन, ठरलेल्या सिग्नलशी आकडा जुळवणं) एकदा केलं की त्याला जोडलेला सेन्सर कुठल्याही फ्रिक्वेन्सीला बरोबर आकडा दाखवतो. हे साफ चूक आहे.

मीटरचा रेफरन्स, म्हणजे जुळवणीचा ठरलेला सिग्नल, सहसा ५० मेगाहर्ट्झचा आणि १ मिलिवॅटचा, म्हणजे ० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर). कॅल करताना सेन्सर त्या एकाच बिंदूवर जुळतो. फ्रिक्वेन्सी वाढली की थोडी पॉवर सेन्सरच्या तोंडावरूनच परत फिरते, थोडी आत वाया जाते. या दोन्हींचा हिशेब म्हणजे कॅल फॅक्टर. समजा १० गिगाहर्ट्झला तो ९२ टक्के आहे आणि मीटरला फ्रिक्वेन्सी सांगितलीच नाही, तर आकडा सुमारे ०.३६ डीबी कमी येतो. चांगला ॲम्प्लिफायर नापास करायला तेवढं पुरतं! जुन्या सेन्सरच्या अंगावर तक्ता चिकटवलेला असतो, त्यातली टक्केवारी हातानं भरावी लागते. नव्यांत ती मेमरीत असते. फ्रिक्वेन्सी मात्र तुम्हीच टाकायची.

झिरोतही घोळ होतो. सिग्नल जनरेटरचं आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी सिग्नल) चालू ठेवून झिरो करू नका; आधी आउटपुट बंद. उणे ५० डीबीएमच्या आसपास, म्हणजे अगदी क्षीण पॉवर मोजताना तर यावरच सगळं अवलंबून असतं.

आणि जोडताना कनेक्टरचा नट फिरवा, सेन्सर नव्हे. मधली पिन घासली की ते नुकसान कुठलंही कॅल भरून काढत नाही.