डेटाबेसमधले छायाचित्र वेब पानावर कसे येते?

महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख आणि गुण यांच्याबरोबर त्याचे छायाचित्रही अपलोड करावे लागते, आणि पुष्कळदा ही सगळी माहिती डेटाबेसच्या एकाच तक्त्यात साठवली जाते. नाव आणि गुण पानावर दाखवणे सोपे असते, कारण तो मजकूर असतो आणि वेब पान हाही मुळात मजकूरच असतो. छायाचित्राचा रकाना मात्र त्याच पद्धतीने पानात छापला, तर चेहऱ्याच्या जागी निरर्थक चिन्हांचा ढीग दिसतो. वेब प्रोग्रामिंग नुकतेच शिकू लागलेल्यांना ही अडचण हमखास येते.

डेटाबेसच्या लेखी छायाचित्र म्हणजे बाइटांची, म्हणजेच ० ते २५५ यांमधल्या आकड्यांची, एक लांबलचक रांग असते. अशा रांगेसाठी ‘ब्लॉब’ नावाचा रकान्याचा प्रकार असतो. त्यात चित्र आहे, गाणे आहे की पीडीएफ, याची डेटाबेसला काहीही कल्पना नसते. जे बाइट दिले तेच तो जसेच्या तसे परत करतो. रांगेचा अर्थ लावण्याचे काम ब्राउझरचे असते.

ब्राउझरला चित्र मिळते तेही पानाबरोबर नव्हे. मोझॅक या सुरुवातीच्या ब्राउझरच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या मार्क अँड्रीसन यांनी १९९३ साली चित्रासाठी जो टॅग (पानाच्या मजकुरातली ब्राउझरसाठीची खूण) सुचवला, त्यात चित्र नसते, फक्त त्याचा पत्ता असतो. पान वाचताना हा टॅग दिसला, की ब्राउझर त्या पत्त्यावर वेगळी मागणी पाठवतो. त्यामुळे डेटाबेसमधले छायाचित्र दाखवायचे, तर त्यासाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र छोटा प्रोग्राम लागतो. पत्त्यातून आलेला विद्यार्थ्याचा क्रमांक घ्यायचा, तक्त्यातून त्याचे बाइट काढायचे, आधी ‘पुढे येत आहे ते जेपेग चित्र आहे’ असे सांगणारा हेडर, म्हणजे ब्राउझरसाठीची सूचना, पाठवायचा आणि मग फक्त बाइट पाठवायचे, एवढेच त्याचे काम.

यातला ‘फक्त’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. जेपेग फाइलची सुरुवात २५५ आणि २१६ या दोन बाइटांनी होते, तर पीएनजी फाइलची १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० या आठ बाइटांनी. या आठांतले ८०, ७८, ७१ हे तीन म्हणजे ‘पी’, ‘एन’, ‘जी’ ही अक्षरे आहेत. त्यांच्या पुढचे १३ आणि १० हे ओळ संपल्याची चिन्हे आहेत, आणि वाटेत एखाद्या प्रोग्रामने फाइलला मजकूर समजून त्यांत फेरफार केला, तर तो लगेच कळावा म्हणून ते मुद्दाम तिथे ठेवले आहेत. ही फार विचारपूर्वक केलेली रचना आहे. आपल्या प्रोग्रामने चित्राच्या आधी एखादी मोकळी ओळ किंवा त्रुटीचा संदेश पाठवला, तर ही सुरुवातच बिघडते आणि छायाचित्राच्या जागी तुटक्या चित्राची खूण उमटते.

काही वेळा छायाचित्राचा वरचा भाग नीट दिसतो आणि खाली नुसता करडा पट्टा येतो. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत साध्या ब्लॉब रकान्यात जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट मावतात, आणि मोबाइलवर काढलेले छायाचित्र याहून सहज मोठे असते. डेटाबेसची कडक तपासणी बंद असेल, तर जादा बाइट केवळ इशारा देऊन कापले जातात. साध्या जेपेगमध्ये चित्र वरून खाली साठवलेले असल्याने कात्री खालच्या भागाला लागते. सुमारे १६ एमबीपर्यंतच्या फाइली सामावणारा ‘मीडियमब्लॉब’ रकाना निवडला, की हा प्रश्न मिटतो.

छायाचित्र पानाच्या मजकुरातच घालण्याचीही सोय आहे. बेस६४ पद्धतीत दर तीन बाइटांची चार साधी अक्षरे होतात, म्हणजे आकार एक-तृतीयांशाने वाढतो. लहानशा चिन्हांसाठी हे चालते, पण पन्नास विद्यार्थ्यांच्या यादीसाठी मी ही पद्धत सुचवणार नाही.

मुळात छायाचित्रे डेटाबेसमध्ये ठेवावीत की फाइल म्हणून, हा वाद जुना आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी २००६ साली केलेल्या मोजणीत साधारण २५६ केबीपेक्षा लहान वस्तूंना डेटाबेस सरस ठरला, आणि एक एमबीपेक्षा मोठ्यांना फाइल व्यवस्था. ते आकडे त्या काळच्या यंत्रणेचे आहेत, पण लहान-मोठ्याचा हा भेद आजही विचारात घ्यावा असा आहे. डेटाबेसमध्ये ठेवल्यास अर्ज आणि छायाचित्र एकत्र जतन होतात आणि एकत्र पुसले जातात. मात्र बॅकअप फुगतो आणि प्रत्येक चित्रासाठी डेटाबेसला काम पडते. फाइल थेट देणारा वेब सर्व्हर ‘चित्र बदललेले नाही, जुनेच वापरा’ असे ब्राउझरला आपणहून कळवतो; आपल्या प्रोग्रामला ते हेडर स्वतः पाठवावे लागतात.

मात्र परवानगी तपासण्याची संधी या प्रोग्राममुळेच हाती येते, आणि ती कधीही सोडू नये. पत्त्यातला क्रमांक एकाने वाढवून कोणालाही पुढच्या विद्यार्थ्याचा चेहरा पाहता येत असेल, तर छायाचित्र कितीही स्वच्छ उमटले तरी ते काम अपुरेच आहे. म्हणून मागणी करणारी व्यक्ती कोण आहे आणि हे छायाचित्र पाहण्याचा तिला अधिकार आहे का, हे तक्त्यातून बाइट काढण्याआधीच तपासायला हवे.