दुर्बिणीची शस्त्रक्रिया (खान्देश)

पोट मोठे न कापता अर्धा ते एक सेंटिमीटरच्या छिद्रांतून दुर्बीण आणि लांब दांड्यांची अवजारे आत घालून, पडद्यावर पाहत केलेली शस्त्रक्रिया. पोटापुरते तिला लॅप्रोस्कोपी म्हणतात.

जर्मनीत गेओर्ग केलिंगने १९०१ मध्ये कुत्र्याच्या पोटात हवा भरून दुर्बीण घातली. १९१० मध्ये स्वीडनच्या याकोबेयसने ती माणसावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. पुढे कित्येक दशके तिचा उपयोग मुख्यतः तपासणीपुरताच राहिला. जर्मनीतल्याच कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीने अपेंडिक्स काढले, तेव्हा शल्यविशारदांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. १९८५ मध्ये एरिश म्यूहे यांनी प्रथमच दुर्बिणीने पित्ताशय काढले. भारतात हा मान मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडे जातो, तेथे तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये ही शस्त्रक्रिया केली. ग्रामीण भागात मात्र दुर्बीण त्याआधीच नसबंदीच्या शिबिरांतून पोहोचली होती.

पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वापरतात, कारण तो पेट घेत नाही आणि रक्तात लवकर विरघळतो. उरलेला वायू मध्यपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला, चाळवतो आणि रुग्णाचा खांदा दुखतो. ऑपरेशन पोटाचे आणि दुखणे खांद्याचे, म्हणून नातेवाईक घाबरतात. एक-दोन दिवसांत ते बहुधा थांबते.

खान्देशात या तंत्राची खरी गरज सातपुड्याच्या बाजूला आहे. नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात लाल पेशी लवकर फुटतात, बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य वाढते आणि कोवळ्या वयातही पित्ताशयात खडे होतात. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेच्या वेळी पाणी, ऊब किंवा ऑक्सिजन कमी पडला तर पेशी कोयत्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबतात. म्हणून छिद्र लहान असले तरी भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी हाताशी लागतेच. तापीकाठच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. शेतात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्यांना मुतखड्याचा धोका असतो. हा खडा मूत्रमार्गातून किंवा पाठीतील छिद्रातून दुर्बिणीने काढतात.

धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने. जळगाव आणि नंदुरबारची अलीकडची. एक-दोन दिवसांत सुट्टी हा या तंत्राचा सर्वांत मोठा फायदा सांगितला जातो. शहरातल्या माणसाला तो लागू पडतो. सातपुड्यातल्या धडगावच्या पाड्यावरून आलेल्या रुग्णाला घरी पोट दुखून कावीळ दिसू लागली, तर घाट उतरून परत यायला तास लागतात. त्याला आणखी दोन दिवस वॉर्डात ठेवलेले बरे.