शर्टाचं तिसरं बटण

पक्षाघात होऊन सात आठवडे झालेले एक काका टेबलापाशी बसलेत. समोर त्यांचाच शर्ट पसरलेला. डाव्या हाताने कापड ताणून धरायचं, बटण उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या चिमटीत पकडायचं, काजात तिरकं सारायचं आणि पलीकडून ओढून घ्यायचं. तुम्हीआम्ही दोन सेकंदांत करतो ते हे काम. काकांची दोन बटणं लागली आहेत. तिसरं सहा वेळा निसटलं. शेजारी बसलेली, रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट हात पुढे करत नाही, फक्त बघते. सातव्या वेळीही बटण निसटतं, पण तिचा चेहरा खुलतो. इतके दिवस काकांचा अंगठा तर्जनीला कडेने भिडत होता. या वेळी तो प्रथमच तर्जनीच्या समोर आला.

काकांना ते कळलेलंही नाही. "पुन्हा सुटलं," ते वैतागून म्हणतात. "सुटलं, पण अंगठा बघा कुठे होता," ती म्हणते आणि त्यांच्याकडून पुन्हा करून घेते.

मी याच पुनर्वसनाच्या क्षेत्रात काम करते, फिजिओथेरपीत. लोक हमखास विचारतात, दिवसभर आजारी माणसांत राहून मन खचत नाही का? प्रश्न आपुलकीचा असतो, आणि थकवा येतो हेही खरं. पण या कामात वर्षानुवर्षं टिकलेल्या माणसांना विचारलंत तर बहुतेक जण असाच एखादा अंगठा, एखादं पाऊल, एखादा शब्द सांगतील. मला वाटतं, या समाधानाचं मूळ नुसत्या दयाबुद्धीत नाही. मेंदू शिकतो कसा, यातच ते आहे. शिकण्याचा हा प्रकार इतक्या जवळून, इतक्या सावकाश बघायला मिळतो असे व्यवसाय फार थोडे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मज्जापेशींची अप्रतिम चित्रं काढणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी लिहून ठेवलं होतं की प्रौढ मेंदूतले मार्ग ठरलेले, संपलेले, न बदलणारे असतात. पुढे कित्येक दशकं वैद्यकशास्त्र याच समजुतीने चाललं. मेलेला भाग मेला, आता उरलेल्यात भागवा. ही समजूत एका फटक्यात नाही, हळूहळू मोडली. १९९६ मध्ये रँडॉल्फ नूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूच्या ज्या भागातून हात हलवला जातो तिथे छोटीशी इजा केल्यावर काही माकडांना लहान खळग्यांतून खाऊ बोटांनी उचलायचा सराव रोज दिला. सराव मिळालेल्या माकडांत इजेच्या आसपासचा, बोटं चालवणारा शाबूत भाग टिकला आणि काहींमध्ये तर शेजारच्या भागात पसरला. सरावाशिवाय तोच भाग आक्रसत जातो, हे आधीच दिसलं होतं. मेलेल्या पेशी परत आल्या नव्हत्या. शेजाऱ्यांनी काम उचललं होतं, पण सराव झाला तेव्हाच.

म्हणजे थेरपिस्टच्या हातात काय असतं, तर सराव. किती? इथे एक आकडा मला कायम टोचतो. कॅथरिन लँग यांच्या गटाने पक्षाघाताच्या पेशंटची थेरपी प्रत्यक्ष बसून मोजली. २००९ मध्ये त्यांनी मांडलं की एका सत्रात हाताची उपयोगाची हालचाल सरासरी ३२ वेळा होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हाच सराव दिवसाला शेकड्यांनी असतो. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्या प्रयोगशाळेने १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळताना पाहिली. ही मुलं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. कुणी शिकवत नाही, कुणी मोजत नाही. पडतात, उठतात, पुन्हा निघतात.

या दोन आकड्यांमधली दरी भरून काढणं हेच आमचं काम, असं मला वाटतं. एकच हालचाल तीनशे वेळा करायला कुणालाही जीव नकोसा होतो, त्यात ती जमत नसेल तर विचारूच नका. म्हणून तीच हालचाल कधी बटण होते, कधी कप उचलणं, कधी पत्त्यांचा डाव. फार सोपं दिलं तर मेंदूला शिकण्यासारखं काही उरत नाही आणि फार अवघड दिलं तर पेशंट हात मांडीवर ठेवून बसून राहतो. मधली पायरी शोधायची, आणि ती रोज बदलते.

ही पायरी सापडली की दोघांनाही आनंद का होतो, याचा एक धागा मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांच्या १९९० च्या दशकातल्या कामात सापडतो. माकडाला अचानक रसाचा घोट मिळाला की मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात चेतवल्या जातात. तोच घोट दर वेळी ठरल्यावेळी मिळू लागला की त्या घोटाला प्रतिसाद देईनाशा होतात, आणि अपेक्षा असताना घोट मिळाला नाही तर त्यांचं काम मंदावतं. अपेक्षेपेक्षा थोडं जास्त मिळालं, हा तो संकेत. शिकण्याला गती देणारा. थेरपिस्टच्या डोक्यात नेमकं काय घडतं ते कुणी असं मोजलेलं मी वाचलेलं नाही. पण सहा वेळा कडेने आलेला अंगठा सातव्या वेळी समोर येतो, तेव्हा अपेक्षेपेक्षा थोडं जास्तच मिळालेलं असतं, आणि ते ओळखायला नजर तयार व्हावी लागते. नव्याने आलेल्या थेरपिस्टला सुरुवातीला काहीच घडत नाही असं वाटतं. दोन-तीन वर्षांनी त्याच खोलीत तिला पन्नास गोष्टी घडताना दिसतात.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपणहूनही बराच सावरतो. सगळं श्रेय थेरपीचं नसतं. म्हणूनच मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांच्या कामाचं मोल मोठं. एका हाताच्या संवेदना तोडलेली माकडं तो हात वापरणंच सोडून देतात, हे त्यांनी पाहिलं. हात हलू शकत होता, पण सुरुवातीच्या अपयशांनी त्यांना 'न वापरायला' शिकवलं होतं. चांगला हात बांधून ठेवला की दुसरा कामाला लागायचा. यावरून माणसांसाठी उपचार तयार झाला. चांगल्या हातावर जाड मोजा आणि दुबळ्या हाताला दिवसाचे कित्येक तास काम. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पक्षाघाताला तीन ते नऊ महिने होऊन गेलेले २२२ जण होते. दोन आठवड्यांच्या या उपचाराने त्यांचा हात नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत अधिक सुधारला आणि वर्षभरानंतरही फरक टिकून होता. हा उपचार सगळ्यांसाठी नाही, मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता आली पाहिजेत. पण 'आता काही होणार नाही' हे वाक्य उच्चारण्याआधी थांबायला त्याने आम्हाला शिकवलं.

स्पीच थेरपीतही असं थक्क करणारं काही दिसतं. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन वाचा गेलेल्या माणसाला 'पाणी हवंय' म्हणता येत नाही, पण ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणता येतं. १९७३ पासून या सुरांचाच आधार घेऊन बोलणं परत आणण्याची एक पद्धत वापरात आहे. वाक्य गुणगुणायचं, डाव्या हाताने ठेका धरायचा आणि हळूहळू सूर काढून घेत जायचं. सगळ्यांना जमत नाही. ज्यांना जमतं त्यांच्या घरचे खोलीत असतील तर रडतात.

मुलांचं काम वेगळं आहे आणि तो वेगळेपणा आपल्या शब्दातच लपून राहतो. पुनर्वसन म्हणजे पुन्हा वसवणं. काकांना त्यांचा हात परत हवा असतो, तो कसा होता ते त्यांना आठवतं. त्यांच्या प्रत्येक हालचालीला जुन्या हालचालीची आठवण चिकटलेली असते, आणि निम्मं दुःख तिथूनच येतं. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचाली अवघड झालेल्या तीन वर्षांच्या मुलीला परत मिळवायचं काही नसतं. तिला जे मिळणार ते पहिल्यांदाच. 'पूर्वीसारखं' हा शब्द तिच्याकडे नाही, आणि म्हणूनच तिच्या खोलीत हसू जास्त असतं.

अशी एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे. बाकाला धरून उभी. मी चेंडू तिच्या उजवीकडे, हाताला पुरेल त्याच्या जरासा पलीकडे धरते. तिला चेंडू हवाय, व्यायाम नकोय. हात लांब करताना तिचं वजन उजव्या पायावर जातं, टाच टेकते, कंबर सरळ होते. चेंडू तिच्या हाती लागतो आणि ती तो फेकून देते, कारण फेकण्यात खरी मजा. मी पुन्हा आणते. असं चाळीस वेळा. तासाला दोन हजारांवर पावलं टाकायची संधी तिच्या शरीराने तिला दिली नाही, म्हणून ती संधी तुकड्यातुकड्यांनी तिच्यापर्यंत न्यायची.

आईवडिलांचा पहिला प्रश्न एकच असतो, चालेल का? १९९७ मध्ये आलेल्या, अशा मुलांच्या हालचालींच्या पाच स्तरांच्या वर्गीकरणाने याचं उत्तर पुष्कळ प्रामाणिकपणे देता येऊ लागलं. मूल कोणत्या स्तरात आहे यावरून पुढे ते आधाराशिवाय, वॉकर घेऊन की व्हीलचेअरवर वावरेल याचा बराच अंदाज येतो. हा अंदाज सांगणं हा कामातला सगळ्यात जड भाग आहे. तो सांगूनही आईवडील पुढच्या आठवड्यात परत येतात आणि मग आपण चालण्यावर अडून न बसता बोलू लागतो. तिला ताईसोबत जमिनीवर बसून खेळता येईल का? चमचा स्वतः तोंडापर्यंत नेता येईल का?

हे मोजायची एक पद्धत १९६८ पासून आहे आणि मला ती फार आवडते. ध्येय त्या माणसाबरोबर बसून ठरवायचं. अपेक्षेइतकं झालं तर शून्य, जास्त झालं तर अधिक एक किंवा दोन, कमी पडलं तर उणे. इथे कुणाची कुणाशी तुलना नाही. एखाद्याची मॅरेथॉन आणि एखादीचं पाच मिनिटं आधाराशिवाय बसणं, दोन्हींचा शून्य सारखाच.

कामाच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक टेरेसा अमाबाइल यांनी २३८ नोकरदारांच्या सुमारे १२ हजार रोजच्या नोंदी तपासल्या. कामाचा दिवस चांगला गेला असं वाटण्यामागे सगळ्यात मोठं कारण निघालं ते अर्थपूर्ण कामात थोडीशी का होईना, झालेली प्रगती. ते कार्यालयांतले लोक होते, थेरपिस्ट नव्हते. पण आमच्याकडे ही प्रगती फाइलीत रोज लिहावी लागते, आणि ती दुसऱ्या माणसाच्या अंगावर दिसते.

जिथे सुधारणा होणारच नाही तिथे काय, हा प्रश्न राहतोच. पाठीचा कणा दुखावून मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या माणसांना १९४० पर्यंत जगण्याचीच फारशी आशा नव्हती. बिछान्यातल्या जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग त्यांचा जीव घ्यायचा. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे डॉक्टर लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांसाठी विभाग सुरू केला. दर दोन तासांनी कूस बदलणं, जखमा होऊ न देणं, आणि मग काम आणि खेळ. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं त्याच दिवशी, तिथल्या हिरवळीवर १६ जणांनी व्हीलचेअरवर बसून धनुष्यबाणाची स्पर्धा खेळली. पुढे त्यातूनच पॅरालिंपिक उभं राहिलं. त्या १६ जणांपैकी कुणाचाही मज्जारज्जू बरा झालेला नव्हता.

माझ्याकडे असाच एक तरुण यायचा. पाय परत येणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. तीन आठवडे आम्ही एकच गोष्ट करत होतो. व्हीलचेअरवरून गुळगुळीत लाकडी फळीवरून सरकत गाडीच्या सीटवर जायचं. आधी चेअर कोनात लावायची, ब्रेक, एक हात फळीवर, एक सीटवर, डोकं उलट्या दिशेला, आणि कंबर उचलून सरकवायची. एका सकाळी त्याने ते केलं. फळी काढून माझ्या हातात दिली, एकेक पाय उचलून आत घेतला आणि दार स्वतः ओढून लावलं. मग काच खाली केली आणि म्हणाला, "चेअर मागे ठेवा. उद्या तीपण मीच ठेवणार."