कुलूप आहे, फेरफार नाही: एक्सेलमधल्या फॉर्मची पार्श्वभूमी

महिनाअखेरीला नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात गेलात, तर क्वालिटीच्या टेबलापाशी एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "शीट कुणी हलवली?" रिजेक्शनची टक्केवारी काढणारे सूत्र ज्या रकान्यात होते, तिथे कुणीतरी सरळ २.५ टाइप केलेले असते. त्यात डाव नसतो. रात्रपाळीत घाईने एक रकाना खाली बोट पडलेले असते, एवढेच. पण त्या दिवसापासून माल कितीही बाद होवो, रिजेक्शन २.५ टक्केच दिसते. लक्षात येईपर्यंत रिपोर्ट ग्राहक कंपनीकडे पोचलेले असतात. मग साहेब म्हणतात, "पासवर्ड टाका रे त्याला."

हा पासवर्ड आला कुठून, तो कशासाठी होता आणि त्याच्याकडून आपण भलतेच काय मागतो, हे समजायला थोडे मागे जावे लागते. संगणकाच्याही मागे.

कागदावरची नोंद कुणी बदलू नये म्हणून काय करायचे, हे आपल्या कचेऱ्यांना फार आधीपासून ठाऊक होते. आकड्यापुढे 'अक्षरी रुपये पाचशे फक्त' लिहायचे, म्हणजे पाचशेला एक शून्य जोडून पाच हजार करता येत नाहीत. खाडाखोड झाली तर शेजारी सही. उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ. नाशिककरांना तर हे सांगायलाच नको. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. शेजारच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये टपाल तिकिटे आणि मुद्रांक. कागदात फेरबदल करणाऱ्याचे काम अवघड करणे, हाच या भागातल्या कित्येक घरांचा पिढीजात रोजगार.

पण माझ्या मते सगळ्यांत हुशार व्यवस्था महसूल खात्याची. गाव नमुना ७ आणि १२ मिळून सातबारा, आणि गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. वारस लागले, जमीन विकली, तर सातबारा थेट खोडत नाहीत. आधी फेरफाराची नोंद, संबंधितांना नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, मग सातबाऱ्यावर बदल, आणि त्या बदलाशेजारी फेरफाराचा क्रमांक. या व्यवस्थेत बदलाला बंदी नाही. अट एवढीच की बदलाचा माग राहिला पाहिजे. तलाठ्याला नावे ठेवणाऱ्यांनीही हे मान्य करावे.

स्प्रेडशीट जन्मली ती नेमकी उलट्या हेतूने. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये अ‍ॅपल टू संगणकावर आले, तेव्हा त्याची सगळी जादूच ही होती की एक आकडा बदला आणि बाकीचे आपोआप बदलतात. एकटा माणूस, एक संगणक, हवे तेवढे 'असे केले तर काय होईल'. बदल रोखण्याची गरज दुसरा माणूस त्या खुर्चीत बसल्यावर निर्माण होते.

१९८३ च्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्ये ती गरज स्पष्ट दिसते. त्यात सगळ्या सेल, म्हणजे शीटमधले एकेक चौकोन, मुळातच संरक्षित धरलेल्या असत, पण ते संरक्षण निजलेले. एक आज्ञा देऊन ते जागे करायचे, आणि ज्या जागी माणसाने भरायचे तेवढ्याच मोकळ्या ठेवायच्या. कर्सर फक्त मोकळ्या सेलमध्येच फिरेल अशीही सोय होती. फॉर्म म्हणतात तो हाच. ज्याला आज्ञा ठाऊक, तो ते संरक्षण उठवूही शकत होता. बोट चुकणाऱ्यासाठी केलेली ती सोय होती, चोरासाठी नव्हे.

एक्सेलने तीच रीत उचलली. १९८५ ला मॅकवर, १९८७ ला विंडोजवर. आजही नव्या शीटची प्रत्येक सेल 'लॉक्ड' असते आणि 'प्रोटेक्ट शीट' दाबेपर्यंत त्या लॉकला काही अर्थ नसतो. एमएस-सीआयटी करून एक्सेल हाती आलेले कितीतरी जण इथेच अडखळतात: आधी शीट प्रोटेक्ट करतात, मग सगळेच बंद झाले म्हणून वैतागतात. पुढे एक्सेल ९७ मध्ये डेटा व्हॅलिडेशन आले. शिफ्टच्या रकान्यात ए, बी, सी याखेरीज काही टाइपच होऊ नये, अशी सोय. २००२ च्या आवृत्तीत प्रोटेक्ट करताना रकान्याची रुंदी बदलू द्यायची का, फिल्टर लावू द्यायचा का, हे निवडता येऊ लागले. आधी एक कुलूप लावले की सारेच जखडायचे.

या सगळ्याला कायम पुरून उरला तो कॉपी-पेस्ट. दुसऱ्या फाइलमधून उचलून चिकटवले की व्हॅलिडेशन पुसले जाते. चिकटवलेल्या सेलबरोबर तिचा 'लॉक्ड' गुणही येतो, म्हणून कालपर्यंत मोकळी असलेली जागा आज बंद होते आणि ऑपरेटर बिचारा शिव्या खातो. फक्त व्हॅल्यू, म्हणजे नुसता आकडा पेस्ट करा, हे सांगून सांगून सुपरवायझरचा घसा बसतो.

आणि तो पासवर्ड? जुन्या एक्सेलमध्ये शीटचा पासवर्ड जसाच्या तसा साठवला जात नसे. त्याचा एक लहानसा अंक बनवून तो ठेवत, आणि असे वेगवेगळे अंक जेमतेम ३२ हजारांच्या घरात. म्हणजे तुम्ही कितीही लांबलचक पासवर्ड ठेवा, त्याच अंकाचा दुसरा कुठला तरी शब्द कुलूप उघडतो. तो शोधणारे मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्येच चालणारे छोटे प्रोग्रॅम, हातोहात फिरत. २०१३ पासून शीटच्या पासवर्डसाठी खूप भक्कम पद्धत आली. पण २००७ पासूनची एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे झिप केलेल्या मजकुराचे गाठोडे. ते सोडून आतली संरक्षणाची एक ओळ काढली की काम झाले. फाइल उघडायलाच पासवर्ड लावला तर गोष्ट वेगळी, तिथे खरे कूटलेखन होते, म्हणजे पासवर्डशिवाय आतला मजकूर वाचताच येत नाही. शीटचे संरक्षण ही सुरक्षेची व्यवस्था नाही, असे मायक्रोसॉफ्टही सांगते.

फेरफार नोंदवहीसारखे काही एक्सेलात फार उशिरा नीट जमले. जुन्या शेअर्ड वर्कबुकमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या फाइलमध्ये, बदल टिपणारे 'ट्रॅक चेंजेस' होते, पण मुळात ३० दिवसांचाच इतिहास ठेवणारे. शिवाय फाइल शेअर केली की शीटचे संरक्षण लावता-काढता येत नसे. कुणी, कधी, काय बदलले हे सहज दिसणे ऑनलाइन शीट आल्यावरच अंगवळणी पडले. इकडे कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची बंद न करता येणारी नोंद १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची झाली. उत्पादनाच्या शीटला तो नियम लागू नाही.

माझ्या माहितीतल्या एका कारखान्यात मग घरगुती उपाय झाला. सूत्रे बंद, भरायच्या सेल पिवळ्या, पासवर्ड दोघांकडेच, आणि शेवटी 'फेरफार' नावाची एक शीट: तारीख, कोणी, काय, का. पहिले तीन महिने ती छान भरली. नंतर नोंदी थांबल्या. सूत्रे बदलतच होती.