सर्जरी रेसिडेन्सी (खान्देश)

सर्जरी रेसिडेन्सी म्हणजे एमबीबीएसनंतर नीट पीजी देऊन मिळणारं एमएस जनरल सर्जरीचं 3 वर्षांचं ट्रेनिंग. ही पद्धत बसवली सर्जन विल्यम हॉल्स्टेडने, अमेरिकेत 1889 ला सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात, हात बसेल तशी जबाबदारी वाढवायची एवढाच तिचा गाभा, आणि आजही कुठलं युनिट (एका सरांच्या हाताखालची सर्जरीची टीम) चांगलं ते यावरच ठरतं.

खान्देशात धुळ्याचं भाऊसाहेब हिरे सरकारी कॉलेज जुनं, जळगावला 2018 आणि नंदुरबारला 2020 ला सरकारी कॉलेज आलं. केसेसला इथे तोटा नाही. मुंबई-आग्रा हायवेचे अ‍ॅक्सिडेंट, थ्रेशरमध्ये गेलेला हात, बैलाचं शिंग लागून फाटलेलं पोट, धडगाव-अक्कलकुव्याकडून दोन-दोन दिवस उशिरा पोचलेलं पर्फोरेशन (आतड्याला किंवा जठराला पडलेलं भोक).

पण नुसत्या गर्दीने सर्जन घडत नाही. नवीन पोरं सिनियरला पहिलं विचारतात ते 'कटिंग किती मिळतं?', म्हणजे स्वतःच्या हाताने ऑपरेशन किती करायला मिळतं, आणि प्रश्न बरोबरच आहे. जेआर 1 (ज्युनियर रेसिडेंट, पहिलं वर्ष) ला ड्रेसिंग, कॅथेटर, आयसीडी (छातीत घालायची नळी), मग हायड्रोसील, अपेंडिक्स, हर्निया, आणि शेवटच्या वर्षी रात्रीचं पर्फोरेशन स्वतः उघडायचं, पण सर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असताना. चांगल्या युनिटात सर असिस्टंटच्या जागी उभे राहतात. हर्नियाची सॅक (पिशवी) कॉर्डपासून (वृषणाकडे जाणाऱ्या दोरीपासून) सोडवताना पोराचा हात घाई करायला लागला की ते ओरडत नाहीत, फोर्सेप्सच्या (चिमट्याच्या) टोकाने जागा दाखवतात आणि थांबतात, पोरगं पण थांबतं, परत बघतं, मग पुढे जातं. हे पाच मिनिटं जास्त लागणं म्हणजेच ट्रेनिंग, आणि ऑपरेशनची लिस्ट मोठी आहे म्हणून जिथे ही पाच मिनिटं कापली जातात तिथे तीन वर्षं रिट्रॅक्टर (जखम उघडी ठेवायचं हत्यार) धरण्यात जातात.

दुसरी गोष्ट फोनची. रात्री 2 ला जेआरने फोन केला आणि लेक्चरर न चिडता आला तर पेशंट वाचतो, चिडला तर पुढच्या वेळी पोरगं फोनच करत नाही. मॉर्टॅलिटी मीटिंगचं (दगावलेल्या पेशंटवरच्या चर्चेचं) पण तेच, तिथे चूक कोणाची यापेक्षा कुठे झाली हे बोललं गेलं पाहिजे. झोप, आठवड्याची सुट्टी (पीजीच्या 2023 च्या नियमात आहे) हे लाड नाहीत, छत्तीस तास जागलेला हात टाका नीट घेत नाही.

अहिराणी यावी लागते. म्हातारी 'पोट दुखी राह्यनं' म्हणते तेव्हा कधीपासून, कुठून कुठे सरकलं हे तिच्याच बोलीत विचारलं तर अर्धं निदान कॉटपाशीच होतं. तिसऱ्या ते पाचव्या सेमिस्टरमध्ये कधीतरी 3 महिने जिल्हा रेसिडेन्सी (जिल्ह्याच्या हॉस्पिटलातली ड्युटी) असते, तिथे सीटी स्कॅन लगेच मिळेलच असं नाही, पोटावर हात ठेवूनच ठरवावं लागतं.