न वाजवलेला गंधार

२०२५च्या जुलैत ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गायक ओझी ऑस्बर्न गेला, आणि तेव्हापासून माझ्या फोनवर ब्लॅक सॅबथ जरा जास्तच वाजतंय. एरवीही माझी यादी काही फार लांब नाही. ब्लॅक सॅबथचं त्याच नावाचं गाणं, किंक्सचं 'यू रिअली गॉट मी', डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर', मेटॅलिकाचं 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि अशीच आणखी आठ-दहा. घरात या सगळ्याला मिळून एकच नाव आहे : 'तो गोंगाट'.

दिवाळीला मिरजेहून आत्या आली होती. चकल्या तळताना फोन रव्याच्या डब्यावर उभा करून ठेवला होता आणि 'मास्टर ऑफ पपेट्स' चालू होतं. आत्याचं आयुष्य तंबोऱ्याच्या सोबतीनं गेलेलं, त्यामुळे आता 'बंद कर' ऐकावं लागणार म्हणून मी हात पुसायला घेतले. ती म्हणाली, "अरे, ह्याच्या तारेला जवारी फारच काढलीय रे."

तेव्हा मी हसलो. दोन दिवसांनी लक्षात आलं की ती अगदी नेमकं बोलली होती.

तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, सपाट नसते, तिला किंचित बाक असतो. तार कंप पावताना या बाकाला पुन्हा पुन्हा चाटून जाते. घोडी आणि तार यांच्यामध्ये जवारीचा दोरा सरकवून हे चाटणं कमी-जास्त करतात. दोरा जागेवर बसला की साधी 'टंग' करणारी तार गुंजायला लागते, हीच जवारी, कारण मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंप्रतेचे उपस्वर जोरात उमटतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं होतं. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू (न हलणारी जागा) येतो, ते उपस्वर नियमानुसार उमटायलाच नकोत. तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. पाचपटीचा उपस्वर म्हणजे गंधार. कुणीही न छेडता खर्जाच्या तारेतून येणारा तो स्वयंभू गंधार.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये घोडीचं हे काम ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, करतो. तारेच्या हालचालीतून तिच्याखालच्या चुंबकी पिकअपमध्ये बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि ॲम्प तो मोठा करतो. पण ॲम्पची ताकद ठरलेली. त्याहून मोठी लाट आली की तिचा माथा छाटला जातो. पोटमाळ्यावर उंच माणूस ताठ उभा राहायला गेला की जे होतं, तेच. गोल माथ्याची लाट सपाट माथ्याची झाली की तिच्यात नवे उपस्वर आलेच. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात.

रेडिओवाल्या इंजिनिअरांच्या लेखी हा दोष होता. पोरांना तो आवडला. लिंक रे यानं १९५८च्या 'रंबल'साठी ॲम्पच्या स्पीकरला भोकं पाडली. किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं १९६४ साली 'यू रिअली गॉट मी'साठी स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरला. हेच काम करणारी, पायानं दाबायची पेडलंही बाजारात आली आणि कागद वाचले.

आता माझा आवडीचा भाग. तंबोऱ्यात प्रत्येक तारेची जवारी तिची तिची असते. पंचमाची तार घोडीला चाटते त्यात षड्जाच्या तारेचा संबंध नसतो. गिटारच्या साऱ्या तारा मात्र एकाच वायरीतून एकाच ॲम्पमध्ये जातात. माथा छाटला जातो तो सगळ्यांच्या बेरजेचा. म्हणजे ॲम्प सुरांना नुसता रंग देत नाही, तर एकमेकांत मिसळतो. गणितात सांगायचं तर छाटलेल्या लाटेत बेरजेचे वर्ग आणि घन शिरतात. (क + ख)चा वर्ग केला की २कख येतो, आणि दोन साइनचा गुणाकार म्हणजे कंप्रतांच्या बेरजेचा एक सूर नि वजाबाकीचा एक, हे सूत्र अकरावीत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. घनातून 'दोनदा पहिला वजा दुसरा' असे सूर निघतात. ज्याला हे नको असेल त्यानं पुढचे दोन परिच्छेद ओलांडून जावं, मी रागावणार नाही.

गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला ८२.४ कंपनांची. तिला सा धरू. तिचा पंचम दीडपट, म्हणजे १२३.६. हे दोनच सूर एकत्र वाजवले की झाली पॉवर कॉर्ड, हेवी मेटलची भाजी-भाकरी. आता मिसळा. वजाबाकी ४१.२, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. दोनदा सा वजा प, पुन्हा ४१.२. दोनदा प वजा सा, १६४.८, वरचा सा. जे येईल ते ४१.२च्या पटीतच, कारण ८२.४ त्याची दुप्पट आणि १२३.६ तिप्पट. दोन सुरांमधून एका सप्तकानं खोल असा एकच अगडबंब सूर उभा राहतो. गिटारच्या स्पीकरच्या पेटीतून ४१.२ धड बाहेरही पडत नाही, फोनमधून तर नाहीच. पण त्याच्या पटीतले सूर ऐकले की आपला मेंदू पाया स्वतःच भरून घेतो. आणि सा अधिक प किती? २०६. म्हणजे ४१.२च्या पाचपट. गंधार!

याच कॉर्डमध्ये गंधार हातानं वाजवला तर? गिटारचा गंधार हार्मोनियमसारखाच थोडा चढा, १०३.८, पंचम १२३.५. दोनदा ग वजा प काढा, ८४च्या जरा वर येतं. हा उपरा सूर नेमका ८२.४च्या मांडीला मांडी लावून बसतो आणि सेकंदाला पावणेदोनच्या आसपास विस्पंद, म्हणजे आवाजाचे हेलकावे, सुरू होतात. असे आणखी चार-दोन उपरे आले की खिचडी. बिनडिस्टॉर्शनच्या गिटारवर हीच कॉर्ड गोड लागते. म्हणून मेटलवाले गंधार गाळतात. अज्ञान म्हणून नाही, ॲम्प तो आयता देतो म्हणून. 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवातही दोन-दोन सुरांचीच, फक्त तिथे पंचमाऐवजी चौथ्या सुराचं अंतर आहे. मोकळ्या दोन तारा, १४६.८ आणि १९६. वजाबाकी साधारण ४९, म्हणजे वरच्या तारेचाच सूर दोन सप्तकं खाली. तिथेही पाया पक्का.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आत्यासमोर माझी जुनी गिटार छोट्या ॲम्पला लावली आणि फक्त सा-प वाजवलं, आधी स्वच्छ, मग डिस्टॉर्शन लावून. तिनं डोळे मिटले आणि हळूच गंधार लावला. "हा तू वाजवतोयस?" नाही म्हटलं. "मग बरोबर."

सगळ्याच जोड्या अशा समजूतदार नसतात. 'ब्लॅक सॅबथ' हे गाणं १९७०चं. त्याचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून, अशी : एक सूर, त्याचंच वरचं सप्तक, आणि मग सप्तकाच्या बरोबर मध्यावरचा सूर. या अंतराचं गुणोत्तर दोनचं वर्गमूळ, म्हणजे अपरिमेय. ८२.४सोबत तो ११६.५ येतो, वजाबाकी ३४.१, दोनदा पहिला वजा दुसरा ४८.३. दोन्ही मुलं आईबापांशी फटकून, आणि गंमत म्हणजे ४८.३ भागिले ३४.१ केलं की पुन्हा दोनचं वर्गमूळच हाती येतं! कुठल्याच पायावर न टेकणारं हे स्वरांतर 'सैतानाचं' म्हणून ओळखलं जातं, आणि चर्चनं त्यावर बंदी घातली होती असं इंटरनेटवर हिरिरीनं सांगतात. अशा बंदीचा पुरावा सापडलेला नाही. आणि असती तरी आपल्याकडे सा आणि तीव्र मध्यम यांच्यात हेच अंतर आहे, आणि क्लासला नाव घातलं की बहुतेक पोरं यमनच शिकतात. सैतान घरोघरी पेटीवर बसलाय म्हणायचा. '४३२ हर्ट्झ ही विश्वाची कंप्रता' असले निरोप पाठवणाऱ्यांनाही एकच विचारतो : हर्ट्झ मोजायला लागणारा सेकंद माणसानं ठरवला, तो विश्वाला कुणी कळवला?

तो रिफ वाजवणारा टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात सापडून उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, आणि बारीक तारा लावल्या. दोन सुरांची पॉवर कॉर्ड अशा हाताला सोयीची. १९७१च्या तिसऱ्या अल्बममध्ये त्यानं गिटार काही गाण्यांसाठी तीन अर्धस्वर उतरवली. तारेचा ताण कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे तीन अर्धस्वर म्हणजे जवळपास २९ टक्के ताण कमी. बोटांना आराम मिळाला, आणि सूर आणखी खाली गेला तो वेगळाच.

माझ्या गिटारवर तेवढी तार उतरवली तर ती सैल पडून फ्रेटांवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटते आणि खर्रर्र वाजते. आत्याला तेही ऐकवलं. चकलीचा तुकडा मोडत ती म्हणाली, "दोरा सरकव जरा."