व्होल्ट आणि अँपिअरवरून ओहम अन् वॉट काढायचा हिशोब आला कुठून?

230 व्होल्टवर 2000 वॉटचा गीझर साधारण 8.7 अँपिअर करंट घेतो, आणि 230 ला 8.7 ने भागलं की कॉइलचा रेझिस्टन्स साडेसव्वीस ओहमच्या आसपास येतो. शाळेतली पोरं हे गणित पटकन सोडवतात. पण भागाकार करून ओहम आणि गुणाकार करून वॉट, हे दोन हिशोब एकाच माणसाला एकदम सुचलेले नाहीत, त्यात अनेक वर्षं गेलीत.

1800 साली इटलीच्या व्होल्टा या शास्त्रज्ञाने बॅटरी बनवली तेव्हा पहिल्यांदा सलग वाहणारा करंट हातात आला, पण तो टिकायचा नाही, तार जोडली की हळूहळू पडत जायचा, मग मोजणार काय? जर्मनीत कलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या गेऑर्ग ओहमला हीच अडचण आली. वडील कुलुपं बनवणारे कारागीर, गणित स्वतःच शिकलेले आणि मुलांनाही त्यांनीच शिकवलेलं. पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने ओहमला सुचवलं की बॅटरी सोड, थर्मोकपल वापर. म्हणजे बिस्मथ आणि तांबं हे दोन धातू जोडायचे, एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात, तापमानातल्या फरकामुळे व्होल्टेज तयार होतं, आणि दोन्हीकडचं तापमान हलत नाही म्हणून व्होल्टेजही हलत नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं पाऊल हेच, कारण सोर्स स्थिर नसेल तर कुठलाच नियम दिसणार नाही.

मग 1826 मध्ये त्याने सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या, 2 इंचापासून 130 इंचांपर्यंत, आणि एकेक जोडून चुंबकाची सुई किती वळते ते मोजलं, कारण करंट जास्त तर सुई जास्त वळते. आकडे एका साध्या सूत्रात बसले: वर एक ठरलेली संख्या, खाली तारेची लांबी अधिक आणखी एक ठरलेली संख्या. वरची संख्या म्हणजे सोर्सचा जोर, आणि खालची ती जादाची संख्या म्हणजे तार सोडून बाकी सर्किटचा रेझिस्टन्स, तोही त्याने सोडला नाही!

1827 मध्ये पुस्तक आलं आणि जर्मनीत त्याचं थंड स्वागत झालं, ओहमने कलोनची नोकरीही सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 मध्ये कोप्ली मेडल दिलं, आणि म्युनिक विद्यापीठात फिजिक्सचं प्राध्यापकपद मिळायला 1852 उजाडलं, तोवर वय 63. इतक्या काटेकोर कामाला इतका उशीर व्हायला नको होता, खरंच वाईट वाटतं.

पॉवरचा भाग इंग्लंडमधून आला. सॅल्फर्डच्या बिअर बनवणाऱ्या घराण्यातल्या जेम्स ज्यूलने 1840 मध्ये पाण्यात तारेची कॉइल बुडवून पाणी किती तापतं ते बघितलं. उष्णता करंटच्या वर्गाच्या आणि रेझिस्टन्सच्या प्रमाणात निघाली, म्हणजे करंट दुप्पट तर उष्णता चौपट. यात ओहमचा नियम, म्हणजे व्होल्ट बरोबर अँपिअर गुणिले ओहम, घातला की उरतं ते व्होल्ट गुणिले अँपिअर.

एककं मात्र टेलिग्राफच्या केबलवाल्यांच्या गरजेतून ठरली. 1881 च्या पॅरिस परिषदेत ओहम, व्होल्ट, अँपिअर मान्य झाले, आणि पुढच्याच वर्षी विल्यम सीमेन्स या इंजिनिअरने व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकाराला वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटचं नाव सुचवलं. वॉटच्याच काळातला हॉर्सपॉवरही गेला नाही, 1 एचपी म्हणजे 746 वॉट, म्हणून आपल्याकडे शेतातल्या मोटरच्या प्लेटवर 5 एचपीच्या शेजारी 3.7 किलोवॉट छापलेलं असतं.